वंशावळीचा आलेख : काढावा कसा, वाचावा कसा

एखाद्या कुटुंबात एकच आजार दोन-तीन जणांना झालेला दिसला की 'हा कोणाकडून आला?' असा प्रश्न लगेच विचारला जातो. हा प्रश्न घाईचा आहे. त्याआधी तो आजार कोणत्या वाटेने येऊ शकतो आणि कोणत्या वाटेने येऊच शकत नाही, हे ठरवावे लागते; आणि त्यासाठी लागणारी साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि खोडरबर. जीनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएचा, क्रम वाचणारी यंत्रे हाताशी असतानाही वंशावळ काढण्याची पद्धत मागे पडलेली नाही, कारण यंत्र एका माणसातले लाखो फरक दाखवते, पण त्यांतला कोणता फरक आजाराचा हात धरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे हे कळण्यासाठी कुटुंबाकडेच पाहावे लागते.

वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला असे कुटुंबांवर अवलंबून राहावे लागले नाही. त्याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीतले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजलेले आहेत, आणि एवढ्या मोठ्या संख्येत तीनास एक हे प्रमाण आपोआप उघडे पडते. माणसांचे संकर ठरवून करता येत नाहीत, एका जोडप्याला हजारो मुले होत नाहीत, आणि निरीक्षकाच्या आयुष्यात जेमतेम तीन-चार पिढ्या नजरेखालून जातात. म्हणून माणसातील आनुवंशिकतेचा अभ्यास सुरुवातीपासून झालेल्या लग्नांवर आणि जन्मलेल्या मुलांवरच उभा राहिला. अल्काप्टोन्युरिया या विकारात लघवी हवेत राहिल्यावर काळी पडते. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ साली असे दाखवले की अशा रुग्णांचे आईवडील अनेकदा एकमेकांचे सख्खे चुलत, मामे, आते किंवा मावस भाऊबहीण लागतात, आणि त्यावरून हा गुण अप्रभावी असावा, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून जनुकाची सदोष प्रत आली तरच दिसत असावा, असा तर्क पुढे आला. १९०५ साली विल्यम फॅराबी यांनी आखूड बोटांच्या एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. तीत प्रभावी, म्हणजे एकाच सदोष प्रतीने दिसणारा, गुण पिढीमागून पिढी उतरताना स्पष्ट दिसतो. दोघांनाही जनुक म्हणजे रासायनिक दृष्ट्या काय हे ठाऊक नव्हते, तरी दोघांचे निष्कर्ष टिकले.

माहिती विचारताना

आलेख चांगला निघणे न निघणे हे चिन्हांपेक्षा प्रश्नांवर अवलंबून असते. 'घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का?' असे विचारले की बहुतेक वेळा 'नाही' हेच उत्तर येते, आणि ते खोटे नसले तरी अपुरे असते. त्याऐवजी एकेका माणसाविषयी स्वतंत्रपणे विचारावे: हयात आहे का, वय किती, हयात नसल्यास कोणत्या वयात आणि कशाने गेले, त्रास कोणत्या वयात सुरू झाला, निदान कोणी आणि कशावरून केले. जन्मानंतर काही दिवसांत दगावलेली बाळे, मृत जन्मलेली बाळे आणि गर्भपात यांची आठवण आपणहून कोणी काढत नाही. ते हळुवारपणे, पण न चुकता विचारावे, कारण मुलग्यांसाठी घातक ठरणाऱ्या आजाराची एकमेव खूण कधीकधी तिथेच असते. दत्तक मुले, दुसऱ्या लग्नाची मुले आणि उपचारांत दुसऱ्याचे बीज वापरून झालेली मुले यांची नोंद वेगळी करावी. आईच्या बाजूचे आणि वडिलांच्या बाजूचे कुळ मागे कुठे जुळते का, हेही विचारावे.

या कामात मराठी बोलणाऱ्याला एक मोठी सोय आयती मिळते. मामा आणि काका, मावशी आणि आत्या हे आपल्याकडे वेगळे शब्द असल्यामुळे सांगणाऱ्याच्या वाक्यातच नात्याची बाजू कळते. हिमोफिलियासारखा (रक्त नीट न गोठण्याचा) एक्स गुणसूत्रावरचा अप्रभावी आजार असलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. त्याच्या चार प्रकारच्या चुलत-मावस भावंडांपैकी फक्त मावसभावालाच त्याच वाटेने तो आजार असू शकतो. वडिलांकडून मुलाला वाय गुणसूत्र मिळते, एक्स मिळतच नाही. म्हणून चुलतभाऊ आणि आतेभाऊ बाजूला पडतात. मामा स्वतः आजारी असला तरी तो आपल्या मुलाला वाय देतो, म्हणून मामेभाऊही सुटतो. उरतात मावशा, ज्या स्वतः निरोगी दिसूनही वाहक, म्हणजे सदोष प्रत बाळगून ती पुढे देणाऱ्या, असू शकतात, आणि त्यांचे मुलगे. म्हणून असा आजार मनात असेल तर आईचे वडील, मामा आणि मावसभाऊ यांच्याविषयी दोनदा विचारावे.

चिन्हे

पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, लिंग माहीत नसेल किंवा सांगायचे नसेल तर शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह, हे जगभर मान्य आहे. आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले असते. अप्रभावी आजाराचा वाहक अर्धा भरून दाखवतात आणि एक्स-संलग्न आजाराची वाहक स्त्री वर्तुळाच्या मध्ये टिंब देऊन दाखवतात. हे दोन्ही चाचणीने किंवा तर्काने वाहकपण सिद्ध झाल्यावरच करावे, अंदाजाने नाही. मृत व्यक्तीवर तिरकी रेघ येते. जोडप्याला आडवी रेघ जोडते, आणि ते एकमेकांच्या रक्ताच्या नात्यात असतील तर ती रेघ दुहेरी असते. जुळ्यांच्या रेघा एकाच बिंदूतून फुटतात आणि ती जुळी एकसारखी असतील तर त्या दोन रेघा मध्ये आडव्या रेघेने जोडतात. ज्या व्यक्तीमुळे चौकशी सुरू झाली तिला प्रोबँड म्हणतात. तिच्या चिन्हाकडे बाण दाखवावा. पिढ्यांना वरून खाली आणि प्रत्येक पिढीतल्या व्यक्तींना डावीकडून उजवीकडे क्रमांक द्यावेत, म्हणजे नाव न लिहिता 'तिसऱ्या पिढीतली चौथी व्यक्ती' असा नेमका उल्लेख करता येतो.

एक सूचना मात्र कळकळीने कराविशी वाटते. निरोगी भावंडे गाळू नयेत. जागा वाचवण्यासाठी 'बाकी सगळे ठीक' म्हणून ती सोडून देण्याचा मोह होतो, आणि तिथेच आलेखाचा निम्मा पुरावा हरवतो. तो कसा, हे पुढच्या आकडेमोडीत दिसेल. कोपऱ्यात तारीख आणि माहिती देणाऱ्याचे नातेही लिहून ठेवावे.

खोडत जाणे

आलेख पुरा झाला की 'हा प्रभावी दिसतो' असे म्हणण्याची घाई न करता पाच शक्यता कागदावर लिहाव्यात: अलिंगी (एक्स-वाय सोडून इतर) गुणसूत्रावरचा प्रभावी, अलिंगी गुणसूत्रावरचा अप्रभावी, एक्स-संलग्न अप्रभावी, एक्स-संलग्न प्रभावी आणि तंतुकणिकेतल्या (मायटोकाँड्रियातल्या) डीएनएवरचा. वायवरचे आजार इतके थोडे आहेत की त्यांचा विचार शेवटी केला तरी चालतो. मग एकेक शक्यता घेऊन तिला खोडून काढणारी जोडी आलेखात शोधावी.

सर्वांत धारदार पुरावा म्हणजे आजारी बाप आणि त्याच्याकडून आजार मिळालेला मुलगा. अशी एक जोडी खात्रीची असेल तर दोन्ही एक्स-संलग्न शक्यता जवळजवळ संपतात, आणि तंतुकणिकेचीही संपते, कारण तंतुकणिकांचा डीएनए आईच्या अंडपेशीतूनच येतो. अर्थात त्या मुलाच्या आईच्या बाजूलाही तोच आजार असेल तर हा पुरावा बोथट होतो, म्हणून आईची बाजू पाहिल्याशिवाय रेघ मारू नये.

दुसरी जोडी म्हणजे निरोगी आईवडील आणि आजारी मूल. हे दिसले की मन अप्रभावीकडे झुकते, आणि आजारी मूल मुलगी असेल तर एक्स-संलग्न अप्रभावीची शक्यताही फार कमी होते, कारण तशा मुलीचा बाप आजारी असायला हवा होता. पण इथे थांबून दोन गोष्टी तपासाव्या लागतात: आईवडील खरोखर निरोगी आहेत की नीट तपासलेले नाहीत, आणि मुलातला बदल नवा तर नाही. ॲकाँड्रोप्लेसिया या बुटकेपणाच्या प्रभावी आजारात ८० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील सरासरी उंचीचे असतात, कारण एफजीएफआर ३ या जनुकातला बदल बीजपेशी तयार होतानाच नव्याने घडलेला असतो.

आजारी बापाच्या सगळ्या मुली आजारी आणि सगळे मुलगे निरोगी असे चित्र एक्स-संलग्न प्रभावी आजारात दिसते. रक्तातले फॉस्फेट कमी होऊन हाडे वाकवणारा मुडदुसाचा एक आनुवंशिक प्रकार असा आहे. आजारी आईची मुले लिंगभेद न राहता आजारी आणि आजारी बापाचे एकही मूल आजारी नाही, असे अनेक पिढ्यांत दिसले तर १६,५६९ अक्षरांच्या (डीएनएच्या एककांच्या) त्या छोट्या तंतुकणिका-डीएनएचा संशय घ्यावा.

सार्वजनिक नोंदींतले एक कुटुंब सरावासाठी उत्तम आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला चार मुलगे आणि पाच मुली होत्या. मुलग्यांपैकी एकट्या लिओपोल्डला हिमोफिलिया होता. तो १८८४ साली, ३० व्या वर्षी वारला. आता खालची पिढी पाहा. लिओपोल्डला एक मुलगी आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला एक मुलगा होता. मुलगा निरोगी राहिला, कारण त्याला बापाचे वाय मिळाले. मुलीला मात्र बापाचे एकमेव एक्स मिळणे अटळ होते, म्हणून ती चाचणीशिवायही निश्चित वाहक ठरते. आणि तिचा मुलगा रूपर्ट याला हिमोफिलिया झाला. राणीच्या अ‍ॅलिस आणि बिअ‍ॅट्रिस या मुलींना स्वतःला आजार नव्हता, पण त्यांच्या वंशजांतून तो रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला. उलट राणीचा मोठा मुलगा एडवर्ड निरोगी होता, त्यामुळे त्याच्या पुढचा वंश एका फटक्यात संशयातून मुक्त झाला. एका निरोगी चौकोनाने एवढे काम केले. राणीच्या वरच्या पिढ्यांत मात्र या आजाराची नोंद सापडत नाही, आणि म्हणून बदल तिच्यात किंवा तिच्या आईवडिलांपैकी एकाच्या बीजपेशीत नव्याने घडला असावा असे मानतात.

आकडे मांडताना

आता ज्या गणितात हमखास चूक होते ते पाहू. आईवडील दोघेही एका अप्रभावी आजाराचे वाहक आहेत, एक भाऊ आजारी आहे, आणि त्याची निरोगी बहीण विचारते की तिचे वाहक असण्याची शक्यता किती. तोंडावर 'निम्मी' असे उत्तर येते, आणि ते चूक आहे. चार समान शक्यता मांडा: दोन्ही प्रती सदोष, आईकडून सदोष, वडिलांकडून सदोष, दोन्ही निर्दोष. ती निरोगी आहे हे आपल्याला दिसतेच आहे, म्हणून पहिली शक्यता गळून पडते. उरलेल्या तिन्हींपैकी दोन वाहकपणाच्या आहेत. उत्तर दोन-तृतीयांश. मात्र हा आजार लहानपणीच दिसणारा असेल तरच पहिली शक्यता पुरती गळते. तो चाळिशीत सुरू होणारा असेल आणि बहीण वीस वर्षांची असेल तर हे गणित चालणार नाही.

पुढचा प्रश्न तिच्या मुलांचा. समजा हा आजार दर दहा हजार जन्मांत एकाला होतो. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमाने सदोष प्रतीचे प्रमाण दहा हजारांशाच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे शंभरात एक, आणि वाहकांचे प्रमाण त्याच्या दुपटीएवढे, म्हणजे साधारण पन्नासात एक निघते. नात्याबाहेरचा जोडीदार असेल तर मूल आजारी होण्याची शक्यता दोन-तृतीयांश गुणिले एक-पन्नासांश गुणिले एक-चतुर्थांश, म्हणजे तीनशेत एक. जोडीदार तिचा सख्खा चुलत, मामे, आते किंवा मावस भाऊ असेल तर त्याची वाहक असण्याची शक्यता एक-चतुर्थांश धरावी लागते, आणि तोच गुणाकार चोवीसात एक येतो. गॅरड यांना आपल्या रुग्णांच्या आईवडिलांत नाते वारंवार का आढळले, याचे कारण या दोन आकड्यांच्या अंतरात आहे. आणि आजार जितका दुर्मीळ, तितके हे अंतर वाढत जाते.

निरोगी भावंडे गाळू नका असे वर म्हटले, त्याचा हिशेब आता मांडू. एका स्त्रीचा भाऊ आणि मामा दोघेही हिमोफिलियाचे रुग्ण आहेत. तिची आई निश्चित वाहक आहे, म्हणून ती स्वतः वाहक असण्याची शक्यता सुरुवातीला निम्मी. तिला दोन मुलगे आहेत आणि दोघेही निरोगी आहेत. ती वाहक असती तर दोन्ही मुलगे निरोगी निघण्याची शक्यता निम्म्याच्या निम्मी, म्हणजे एक-चतुर्थांश. ती वाहक नसती तर दोघेही निरोगी असणे ठरलेलेच. तेव्हा 'वाहक आणि दोन निरोगी मुलगे' या जोडशक्यतेचे वजन एक-अष्टमांश आणि 'वाहक नाही आणि दोन निरोगी मुलगे' हिचे चार-अष्टमांश. एकास चार. म्हणजे तिची वाहक असण्याची शक्यता निम्म्यावरून पाचात एक इतकी खाली आली, आणि पुढचा मुलगा झालाच तर तो आजारी असण्याची शक्यता दहात एक राहिली. तिसराही मुलगा निरोगी झाला तर पहिला आकडा नवात एकवर येतो. मुली कितीही निरोगी असल्या तरी या हिशेबात त्यांचा उपयोग नाही, कारण वडील निरोगी असतील तर त्या तशाही निरोगीच दिसतात. मुलाखतीत 'दोन मुलगे, ठीक आहेत' एवढे ऐकून ज्याने ती दोन चिन्हे काढली नसतील, तो तिला अजूनही 'निम्मी शक्यता' म्हणून सांगत बसेल.

जनुक आहे, पण दिसत नाही

वरची सगळी आकडेमोड 'जनुक असेल तर गुण दिसेल' या गृहीतावर चालते, आणि ते गृहीत अनेक ठिकाणी ढासळते. खरे तर 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' ही जनुकाला लावायची विशेषणेच नव्हेत. आपण कोणत्या पातळीवर पाहतो आहोत यावर ती ठरतात. सिकल सेलच्या उत्परिवर्तनात बीटा-ग्लोबिन जनुकातले एकच अक्षर बदलते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. आजार पाहिला तर हा बदल अप्रभावी आहे, कारण गंभीर त्रासासाठी दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. पण वाहकाचे हिमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रात वेगळे केले तर दोन्ही प्रकारचे प्रथिन समोर दिसते, म्हणजे त्या पातळीवर दोन्ही प्रती आपापला गुण दाखवतात. म्हणून आलेखावर चिन्ह भरताना 'कोणत्या लक्षणासाठी भरले' हे बाजूला लिहावे.

काही प्रभावी आजारांत सदोष प्रत असलेल्या सगळ्यांनाच लक्षणे येत नाहीत, तेव्हा आलेखात एखादी पिढी उडी मारल्यासारखी दिसते. काहींत लक्षणे सगळ्यांना येतात पण सारखी नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकारात एका भावंडाला मज्जातंतूंवर गाठी असतात आणि बापाच्या पाठीवर केवळ कॉफीच्या रंगाचे सहा-सात डाग असतात, ज्यांकडे कोणी आजार म्हणून पाहिलेलेच नसते. अशा बापाला 'निरोगी' धरले की पुढचा सगळा तर्क भरकटतो आणि दुसऱ्या मुलाचा धोका निम्म्याऐवजी नगण्य सांगितला जातो. म्हणून आईवडिलांना विचारून भागत नाही, त्यांना तपासावे लागते.

वयाचा प्रश्न आणखी अवघड आहे. हंटिंग्टनच्या आजारात चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे वारंवार येतात. ४० किंवा अधिक वेळा आली तर पुरेसे आयुष्य लाभल्यास आजार होतो, ३६ ते ३९ वेळा आली तर होईल किंवा होणारही नाही. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतात, तोपर्यंत मुले झालेली असतात. शिवाय ही पुनरावृत्ती, विशेषतः बापाकडून येताना, वाढू शकते, त्यामुळे मुलाला आजार बापापेक्षा लहान वयात होतो. अशा आलेखात पंचविशीतल्या निरोगी व्यक्तीचे रिकामे चिन्ह म्हणजे 'नाही' नव्हे, 'अजून नाही'. ते वाचताना शेजारचे वय वाचलेच पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले की मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच निष्क्रिय होते, आणि कोणते होणार हे साधारणपणे योगायोगावर ठरते. त्यामुळे वाहक स्त्रीचे शरीर दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते, आणि कौल एका बाजूला फार झुकला तर वाहक असूनही तिला रक्तस्रावाचा त्रास होतो. 'स्त्रियांना हिमोफिलिया होत नाही' हे वाक्य म्हणूनच टाकून द्यावे.

काही थोड्या जनुकांना आपण आईकडून आलो की बापाकडून, याची खूण लावलेली असते आणि त्यांतली एकच प्रत बोलते. पंधराव्या गुणसूत्राचा एकच तुकडा बापाकडून आलेल्या प्रतीत गळाला तर प्राडर-विली, आणि आईकडून आलेल्या प्रतीत गळाला तर अँजेलमन असे दोन अगदी वेगळे आजार होतात. अशा आजारांत आलेखावरचा बदल कोणाच्या वाटेने उतरला हे रेघेवरच लिहून ठेवणे बरे.

आणि एक जनुक दुसऱ्या जनुकाचा आवाज दाबून टाकते तेव्हा तर आलेख निखालस खोटा वाटू लागतो. डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली वर्णन केलेला बॉम्बे रक्तगट हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या पेशीवरच्या खुणा, ज्या एच नावाच्या पायावर रचले जातात, तो पायाच या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर तयार होत नाही. त्यामुळे ए जनुक असूनही नेहमीच्या चाचणीत ती व्यक्ती ओ गटाची दिसते. तिचे मूल ए गटाचे आणि दुसरा पालक बी गटाचा असला की कुटुंबात नको ते तर्क सुरू होतात. आलेखात रक्तगट जुळत नसला तर पितृत्वावर बोट ठेवण्याआधी चाचणी पुन्हा आणि पूर्ण करून घ्यावी. पितृत्वाचा प्रश्न खरोखरच निघाला तर तो सर्वांसमोर उघड करण्याचा अधिकार आलेख काढणाऱ्याला नाही.

आलेखावरून तपासणीकडे

मानवी जीनोमच्या एका संचात सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत, त्यांत प्रथिनांची माहिती देणारी जनुके २० हजारांच्या आसपास, आणि प्रत्यक्ष प्रथिन सांगणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी. कोणताही माणूस घ्या, त्याचा क्रम तुलनेसाठी ठरवलेल्या संदर्भक्रमाशी ताडला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतात. या गर्दीत आजाराचा एक फरक शोधायचा असेल तर पहिली तपासणी निरोगी नातेवाइकाची नव्हे, आजारी व्यक्तीची करावी. आजारी व्यक्तीत काय बिघडले आहे हे माहीत नसताना निरोगी बहिणीचा अहवाल 'काही सापडले नाही' असा आला तर त्याचा अर्थ काहीच लागत नाही. मूल आजारी आणि आईवडील निरोगी असतील तर तिघांचा क्रम एकत्र वाचणे फार उपयोगी पडते, कारण आईवडिलांत नसलेले नवे फरक मुलात साधारण ६० ते ७० एवढेच असतात, आणि लाखांच्या ढिगावरून थेट या मूठभरांवर येता येते.

फरक सापडला की तो घेऊन पुन्हा आलेखाकडे यावे. प्रत्येक आजारी नातेवाइकात तो आहे का आणि वय उलटून गेलेल्या निरोगी नातेवाइकांत तो नाही ना, हे तपासावे. निरुपद्रवी फरकही योगायोगाने आजाराबरोबर उतरू शकतो. पालकाकडून मुलाकडे जाण्याच्या प्रत्येक उपयुक्त पायरीला ही शक्यता निम्मी होते. पाच पायऱ्या जुळल्या तर योगायोग बत्तीसात एक, दहा जुळल्या तर १,०२४ मध्ये एक. लहान कुटुंबात दोन-तीन पायऱ्यांवर भरवसा ठेवून फरकाला दोषी ठरवणे ही या क्षेत्रातली नेहमीची घाई आहे. प्रयोगशाळा आपला निर्णय पाच वर्गांत देते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला वर्ग म्हणजे सौम्य होकार नव्हे; त्याच्या आधारे शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेऊ नये आणि त्याच्यासाठी निरोगी नातेवाइकांना वाहक ठरवू नये.

फरक प्रथिन सांगणाऱ्या भागाबाहेर असेल तर अभिव्यक्तीचा, म्हणजे जनुक पेशीत प्रत्यक्ष वाचले जाताना काय होते याचा, पुरावा मागावा लागतो, आणि त्यासाठी व्हिक्टोरियाच्या वंशाकडे परत यावे लागते. रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाच्या अस्थींतून मिळालेल्या डीएनएवरून २००९ साली दाखवण्यात आले की हा आजार नवव्या रक्तगोठण घटकाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे, म्हणजे हिमोफिलिया बी या प्रकारामुळे झाला होता. तो बदल एक्झॉनच्या, म्हणजे कापणीनंतर आरएनएमध्ये टिकणाऱ्या तुकड्याच्या, आत नाही, चौथ्या एक्झॉनच्या तीन अक्षरे अलीकडे आहे. जनुकावरून उतरलेल्या आरएनएमधून नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडले जातात. त्या कापणीची खूण या बदलामुळे सरकते, एक्झॉनच्या आधी दोन अक्षरे जास्तीची शिल्लक राहतात आणि तीन-तीन अक्षरांची वाचनाची चौकट तिथून पुढे मोडते. केवळ प्रथिनांचा भाग पाहणाऱ्याला हे निसटले असते. कापणी खरोखर चुकते का, हे प्रयोगशाळेतल्या पेशींत तो तुकडा घालून पाहावे लागले, आणि जिवंत रुग्णातही अशी तपासणी करताना ते जनुक कोणत्या ऊतीत काम करते हे आधी विचारावे लागते: नववा घटक मुख्यत्वे यकृतात बनतो, तेव्हा रक्तपेशींतल्या आरएनएमध्ये तो शोधून फारसे हाती लागत नाही.

'आईवडिलांच्या रक्तात बदल नाही' असा अहवाल आला तरी पुढच्या मुलाचा धोका शून्य लिहू नये. आई किंवा बाप यांच्या बीजपेशींपैकी काहींतच तो बदल असू शकतो. रक्तात तो दिसत नाही आणि तरीही दुसरे मूल आजारी होते. धोका लहान असतो, पण तो आलेखाच्या समासात लिहिलेला असावा.

अहवाल आल्यावर आलेख पुन्हा काढावा आणि जुना फाडू नये. जुन्या आलेखावरची तारीख, त्यावेळचे वय, कोणाला तपासले आणि कोणाला नाही, हे सारे पुढच्या वाचनाला लागते, कारण अर्थ अनिश्चित म्हणून ठेवलेला फरक काही वर्षांनी दुसऱ्या वर्गात जाऊ शकतो आणि त्या दिवशी हाच कागद पुढे घेऊन कोणकोणाला बोलवायचे ते ठरवावे लागते.